बीरभूमचे खेश: जुन्या साड्यांच्या पट्ट्यांतून विणलेली चादर, साडी आणि पिशवी

पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात, बोलपूर, शांतिनिकेतन आणि लाभपूरच्या परिसरात, नेसून मऊ झालेल्या सुती साड्या लांबीच्या दिशेने फाडून त्यांच्या अरुंद पट्ट्या काढतात आणि त्या हातमागावर बाण्यात, म्हणजे आडव्या धाग्यांच्या जागी, घालून नवे कापड विणतात. या कापडाला तेथे खेश म्हणतात. शांतिनिकेतन पाहायला गेलेला मराठी पर्यटक सोनाझुरीच्या हाटात खेशच्या वस्तू हमखास पाहतो, एखादी पिशवी उचलतो आणि पुढच्या दुकानाकडे वळतो. तेथून आणलेली डबल बेडची चादर, एक साडी आणि खांद्याला अडकवायची पिशवी या तीन वस्तू आमच्या पुण्याच्या घरात उन्हाळा, पावसाळा आणि थंडी अशा सर्व ऋतूंत वापरून झाल्यावरच मी हे परीक्षण लिहिते आहे, कारण खेशचे खरे गुणदोष दुकानातल्या घडीत दिसत नाहीत. ते पहिल्या धुण्यानंतर दिसू लागतात आणि पहिल्या पावसाळ्यानंतर पक्के कळतात.

जुन्या वस्तूपासून केलेल्या नव्या वस्तूकडे आपण बहुतेक वेळा सवलतीच्या नजरेने पाहतो. तिचे कौतुक करतो, कोणाला तरी भेट देतो, आणि ती वापरात टिकली नाही तरी ‘शेवटी जुन्या कापडाचीच होती’ असे म्हणून सोडून देतो. खेशला ही सवलत देणे म्हणजे ते विणणाऱ्याचा अपमान करणे होय, असे मला मनापासून वाटते. चादर अंगाला कशी लागते, धुतल्यावर किती आटते, पावसाळ्यात किती वेळात वाळते आणि कोठे आधी विरते, या साध्या कसोट्यांवर ती इतर कोणत्याही चादरीसारखीच तपासली पाहिजे. या कसोट्यांवर खेशची चादर उत्तम ठरते, पिशवी बऱ्यापैकी ठरते, आणि साडीच्या बाबतीत नेमकी कोणती साडी निवडली यावर सारे अवलंबून राहते.

खेशची गुणवत्ता माग सुरू होण्याआधीच, साडी फाडताना, निम्मीअधिक ठरून गेलेली असते. कडेला लहानसा छेद देऊन दोन्ही हातांनी ओढले की सुती कापड एकाच उभ्या धाग्याच्या रेषेत सरळ फाटत जाते आणि सुमारे ५.५ मीटर लांबीची, अर्ध्या इंचाच्या आसपास रुंदीची पट्टी सलग निघते. कात्रीने कापलेली पट्टी, कितीही काळजी घेतली तरी, कोठे ना कोठे एका धाग्यावरून दुसऱ्या धाग्यावर घसरते, आणि जेथे घसरते तेथे तुटक्या धाग्यांची टोके पुढे विणीतून वर येत राहतात. फाडलेल्या पट्टीत मात्र उभे धागे या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राहतात, आणि विणलेल्या कापडाची सगळी ताकद या अखंडपणात असते. साडी आडवी फाडली असती तर पट्टी सव्वा मीटरचीही निघाली नसती आणि विणकराला प्रत्येक फेरीनंतर नवी पट्टी जोडत बसावे लागले असते. साडीचा पन्हा ४५ इंचांच्या आसपास धरला आणि विरलेला भाग वगळला, तर एका साडीतून ७० ते ८० पट्ट्या मिळतात. हे काम मुख्यतः घरातील स्त्रिया करतात. कोणत्या साडीचे सूत अजून ताण सोसेल आणि कोणती साडी मध्येच तुटेल, हे त्यांना हाताने कळावे लागते. ज्या घरात हा निवाडा सैलपणे होतो त्या घरचे खेश लवकर विरते, मग विणकाम कितीही घट्ट असो.

मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, नव्या सुताचा लावलेला असतो. बाण्यात एकदा पट्टी जाते, मग सुताचा धागा, मग पुन्हा पट्टी, असा क्रम चालतो. मधला सुताचा धागा दिसायला नगण्य असला तरी तोच पट्ट्यांना जागच्या जागी धरून ठेवतो. तो नसता तर कापड सतरंजीसारखे जाड आणि ताठ झाले असते, आणि अंगावर घेण्याच्या किंवा नेसण्याच्या कामाचे राहिले नसते. बाणा दाबून बसवणाऱ्या फणीचा ठोका बसला की पट्टी दुमडते, तिची छापील बाजू कधी वर येते तर कधी आत जाते, आणि साडीवरच्या फुलाचे, वेलीचे किंवा चौकटीचे विणीत फक्त ठिपके उरतात. ४५ इंच पन्ह्याच्या कापडात एक पट्टी चार-पाच फेऱ्यांतच संपते. त्यामुळे रंगांची सरमिसळ असलेले कापड विणणे तुलनेने सोपे असते, पण एकाच रंगाचा हातभर रुंदीचा पट्टा हवा असेल तर एका साडीच्या किंवा एकाच छटेच्या अनेक साड्यांच्या पट्ट्या आधीच निवडून, क्रमाने वेगळ्या ठेवाव्या लागतात. पट्टेदार खेश पाहिले की मी प्रथम हीच निवड पाहते. पट्ट्याच्या मध्यावर अचानक वेगळी छटा डोकावत नसेल, तर त्या कापडामागे कोणीतरी बराच वेळ बसून रंगांचा क्रम लावला आहे हे नक्की समजावे.

या विणीचा इतिहास श्रीनिकेतनशी जोडला जातो. रवींद्रनाथ ठाकुरांनी १९२२ मध्ये सुरुल येथे इंग्रज शेतीतज्ज्ञ लेनर्ड एल्महर्स्ट यांच्या साहाय्याने ग्रामीण पुनर्रचनेचे केंद्र सुरू केले, तेच श्रीनिकेतन. शेतीबरोबर गावातले हस्तव्यवसाय उभे राहावेत हा त्या कामाचा मोठा भाग होता, आणि तेथील शिल्पसदन या हस्तकला विभागातून ही वीण आसपासच्या विणकर घरांत पसरली असे बीरभूममध्ये सांगितले जाते. जुन्या साडीचे थर एकावर एक ठेवून त्यावर धावदोरा घालण्याची कांथ्याची परंपरा बंगालात त्याआधीपासून होतीच. खेशमध्ये तीच साडी सुईऐवजी मागावर चढली. हा फरक वापरात मोठा आहे. कांथा आणि आपली गोधडी या दोन्हींत साडी साडीच्याच रूपात राहते, थरांमुळे ऊब मिळते, आणि वरचा थर विरला तरी खालचा काम देतो. खेशमध्ये थर नसतात. एकच विणलेले अंग असते, म्हणून ते गोधडीइतके उबदार नाही, पण गोधडीपेक्षा कितीतरी सहज धुता येते, वाळते आणि नीट घडी घालता येते. थंडीत पांघरायला गोधडी आणि वर्षभर अंथरायला खेश, अशी वाटणी आमच्या घरात आपोआप झाली.

आता चादरीविषयी सविस्तर. आमची चादर काळ्या ताण्याची आहे, आणि चादर घेणाऱ्याला मी गडद ताणाच सुचवेन. पट्ट्यांमध्ये पिवळा, गुलाबी, हिरवा, विटकरी असे परस्परांशी न जुळणारे रंग असतात. पांढऱ्या ताण्यावर ते विखुरलेले आणि फिकट दिसतात, तर काळ्या किंवा गडद लाल ताण्यावर तेच रंग एका शिस्तीत येतात. डबल बेडची रुंदी भरून काढण्यासाठी आमच्या चादरीत दोन पन्ह्यांचे तुकडे मधोमध जोडलेले आहेत. ही जोड मी खरेदीच्या वेळी उलटसुलट करून पाहिली होती आणि प्रत्येकाने ती पाहावी, कारण पट्ट्यांच्या कापडाची कड साध्या सुताच्या कापडापेक्षा जाड असते आणि ती घाईने शिवली तर पाठीखाली उंचवटा जाणवतो. चांगल्या जोडीत कडा एकमेकींवर न चढवता शेजारी शेजारी ठेवून हाताने टाके घातलेले असतात, आणि त्यावर झोपले तरी ती जोड अंगाला लागत नाही.

स्पर्शाच्या बाबतीत या चादरीची बरोबरी करणारी नवी चादर मला ठाऊक नाही. नव्या सुती कापडात जी खळ असते ती जायला कित्येक धुणी लागतात. खेशच्या पट्ट्या ज्या साडीतून आल्या ती साडी कोणीतरी वर्षानुवर्षे नेसलेली, धुतलेली आणि उन्हात वाळवलेली असते, त्यामुळे मऊपणा पहिल्या दिवसापासून मिळतो. विणीच्या उंचसखलपणामुळे कापड अंगाला सपाट चिकटत नाही आणि मध्ये हवा खेळती राहते, म्हणून एप्रिल-मेच्या उकाड्यात या चादरीवर झोपणे नव्या गुळगुळीत चादरीपेक्षा सुखाचे होते. सोलापूरची जाड जॅकार्ड चादर पांघरण्यासाठी घेतात तशी ही घेऊ नये. डिसेंबरच्या थंडीत ती एकटी पुरत नाही. पलंगपोस म्हणून आणि पावसाळी रात्रीचे हलके पांघरूण म्हणून मात्र ती अगदी योग्य आहे.

धुण्याविषयी दुकानात बहुतेक ठिकाणी ‘पहिल्यांदा वेगळी धुवा, रंग जातो’ एवढेच सांगतात. रंग नेमका कशाचा जातो हे समजून घेतले तर काळजी घेणे सोपे जाते. पट्ट्यांचा रंग शक्यतो जात नाही, कारण जाण्याजोगा रंग साडीच्या आधीच्या आयुष्यात गेलेला असतो. रंग जातो तो नव्या ताण्याचा. गडद ताणा असलेली चादर म्हणूनच पहिल्या काही धुण्यांत थंड पाण्यात, एकटीच, जास्त वेळ भिजत न ठेवता धुवावी. आमच्या चादरीचे पाणी काही धुण्यांनंतर स्वच्छ येऊ लागले. आटण्याचेही असेच. जुन्या साडीचे कापड जितके आटायचे तितके आधीच आटलेले असते, ताण्याचे सूत मात्र नवे असते. परिणामी चादर रुंदीपेक्षा लांबीत अधिक आटते. आमची चादर पायथ्याशी पूर्वी गादीखाली सहज खोचली जात असे, ती आता गादीच्या कडेपर्यंतच येते. घेताना लांबी चांगली चार-सहा बोटे जास्त असलेली चादर निवडावी, रुंदीची एवढी चिंता करण्याचे कारण नाही. वॉशिंग मशीन मी वापरते, पण कमी वेगावर आणि कापडी पिशवीत घालून. पट्टीचे सुटे टोक कोठे अडकले तर ती बोटभर बाहेर ओढली जाते आणि तेवढ्या भागात ताण्याचे धागे आखडतात. असे झाले तर पट्टी कधीही कापू नये. कापडाच्या दोन्ही बाजूंना हलक्या हाताने ओढत गेले की ती आपल्या जागी परत जाते.

पावसाळा ही या चादरीची खरी परीक्षा आहे. पट्ट्या पाणी भरपूर शोषतात आणि दुमडलेल्या असल्यामुळे आतून ओल्या राहतात, तेव्हा वरून कोरडी लागणारी चादर घडी करून कपाटात ठेवली की तिला कुबट वास येतो. पुण्यात पंख्याखाली वाळवून काम भागते. मुंबई किंवा कोकणात राहणाऱ्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये ती धुवायला काढूच नये, असे मी सांगेन.

झीज कोठे होते हे आता स्पष्ट दिसते आहे. ताणा शाबूत आहे, मधले सूत शाबूत आहे. विरल्या आहेत त्या मोजक्याच पट्ट्या, आणि त्याही चादरभर विखुरलेल्या नसून एका ठरावीक पिवळसर छटेच्या आहेत. म्हणजे ती एक साडी फाडताना थकलेली होती. बाकी साड्यांच्या पट्ट्यांना काहीही झालेले नाही. खेश विरते असे सरसकट म्हणणाऱ्यांना मला हेच दाखवायचे आहे: त्यात घातलेली एखादी साडी विरते, सगळे कापड नव्हे, आणि कापडाची बांधणी अशी आहे की तो दोष दुरुस्त करता येतो. जाड नाक्याच्या बोथट सुईत घरच्याच जुन्या सुती साडीची त्याच रुंदीची पट्टी ओवून विरलेल्या पट्टीच्या मार्गानेच, ताण्याच्या एका धाग्यावरून आणि दुसऱ्याखालून, ती नेली की काही वेळाने कोणती पट्टी मूळची आणि कोणती नंतरची हे ओळखता येत नाही. गिरणीच्या चादरीला भोक पडले तर ठिगळ किंवा रफूशिवाय मार्ग नसतो.

साडीच्या बाबतीत माझे मत अधिक सावध आहे. खेशची साडी दोन प्रकारांनी विणलेली मिळते. एका प्रकारात संपूर्ण अंगभर पट्ट्या असतात आणि दुसऱ्या प्रकारात पदरावर दाट, तर अंगात दूरदूर, एखाद्या आडव्या रेघेसारख्या. पहिला प्रकार टांगलेला असताना फार आकर्षक दिसतो, पण नेसताना निऱ्या जाड होतात, कमरेशी खोचलेला भाग फुगतो आणि घडी पडायची तेथे न पडता बाजूला सरकते. पट्ट्यांमुळे कापड जाड असते आणि निऱ्यांत त्याच जाड कापडाचे थरावर थर येतात. दुसऱ्या प्रकारात ही अडचण राहत नाही. मी घेतलेली साडी राखाडी रंगाची, पदरावर हातभर दाट खेश आणि निऱ्यांच्या भागात जवळजवळ साधी अशी आहे. ती दिवसभर नेसून वावरता येते, पदराला पट्ट्यांमुळे जे वजन येते त्याने तो खांद्यावरून घसरत नाही, आणि इस्त्री नसली तरी ती चुरगळलेली वाटत नाही. साडी उंच धरून उजेडात पाहावी. जेथे पट्टी संपते आणि सुताचे साधे विणकाम सुरू होते त्या सीमेवर धागे एकमेकांपासून फाकलेले दिसले, तर तेथे साडी लवकर फाटण्याची शक्यता असते आणि ती घेऊ नये. पदराच्या दशा गाठी मारून पक्क्या केलेल्या असल्या पाहिजेत. जाड साडीवर पिको करून घेण्याचा आग्रह धरू नये, यंत्राच्या सुईखाली पट्ट्या वेड्यावाकड्या दबतात.

पिशवीविषयी थोडक्यात सांगते. कापड म्हणून तिला नाव ठेवायला जागा नाही. बीरभूममध्ये चामड्याचे कामही चांगले होते, आणि चामड्याचे पट्टे व तळ असलेली खेशची पिशवी मिळाली तर तीच घ्यावी. तळापर्यंत नुसते खेश असलेली पिशवी कोपऱ्यांवर घासते आणि तेथील पट्ट्यांची लव निघू लागते, जे माझ्या पिशवीच्या बाबतीत झाले. आतून जाड अस्तर नसेल तर किल्लीचे टोक विणीतून आरपार बाहेर येते. भाजी आणि पुस्तके वाहण्यासाठी ती घेऊ नये; एक वही, चष्मा, पाण्याची लहान बाटली एवढ्यासाठी ती छान आहे.

खरे खेश ओळखणे हा खरेदीतला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, कारण त्याच नावाने बाजारात बरेच काही विकले जाते. कोठे यंत्रमागावर गाठीगाठींचे जाड सूत घालून तसा भास आणलेला असतो, कोठे जुन्या साडीऐवजी कारखान्यातील नव्या कृत्रिम कापडाची कात्रणे वापरलेली असतात. कात्रणे वापरण्यात गैर काही नाही, उलट शिलाईच्या कारखान्यांतून निघणाऱ्या चिंध्या मागावर जाणे ही चांगलीच गोष्ट आहे; मात्र पॉलिएस्टरच्या कात्रणांची चादर सुती खेशच्या किमतीला विकू नये आणि घेऊ नये, कारण तिला ना तो मऊपणा असतो ना घाम शोषण्याचा गुण. कापड जवळून पाहिले की खऱ्या खेशमध्ये पट्टीच्या दोन्ही कडांना बारीक लव दिसते, ती फाडल्याची खूण असते. कापलेल्या पट्टीची कड कोरी दिसते. एकाच वस्तूत कोठे छपाईचा ठिपका, कोठे चौकटीची रेघ, कोठे काठाचा अंश असे निरनिराळ्या साड्यांचे अवशेष सापडतात. सगळीकडे सारखीच चमक आणि सारखीच जाडी असेल तर संशय घ्यावा. बोटांत धरून चोळले तर सुती पट्टी कोमट आणि किंचित खरखरीत लागते, कृत्रिम पट्टी निसटते.

येथे एक खरी चिंता मांडावीशी वाटते. खेशचा कच्चा माल म्हणजे नेसून मऊ झालेली सुती साडी, आणि रोज सुती साडी नेसणाऱ्या स्त्रियांची संख्या बंगालात काय किंवा महाराष्ट्रात काय, उतरतच चालली आहे. आपल्याकडे भांड्यांच्या बदल्यात जुने कपडे नेणारी बोहारीण पूर्वी गठ्ठ्यातून सुती साड्या वेगळ्या काढीत असे. बंगालातही जुन्या साड्या भांड्यांच्या मोबदल्यात गोळा होऊन व्यापाऱ्यांमार्फत विणकरांपर्यंत पोचतात. आता त्या गठ्ठ्यात कृत्रिम धाग्याच्या साड्याच अधिक असतात. कृत्रिम साडी हाताने सरळ फाटत नाही, फाटली तरी पट्टी पिळली जाते आणि धाग्याला धरून राहत नाही. चांगल्या जुन्या साडीला यापुढे किंमत मोजावी लागणार आणि तयार कापडही महागणार, हे उघड आहे. चादरीला मला दीड हजार रुपयांच्या आसपास मोजावे लागले. तेवढ्या लांबीरुंदीची यंत्रमागाची चादर त्याच्या निम्म्यात येते, हे खरे आहे. पण साडी निवडणे, फाडणे, रंगांचा क्रम लावणे, पट्टी संपेल तेथे दुसरीचे टोक तिच्यावर चढवून पुढे विणणे आणि शेवटी दोन पन्हे हाताने जोडणे, ही सगळी कामे त्या किमतीत मावलेली पाहिली की किंमत जास्त आहे असे मला म्हणवत नाही. उलट त्यातून फाडणाऱ्या स्त्रीच्या हातात नेमके किती पोचत असतील, हा प्रश्न पडतो. म्हणून शक्य असेल तेथे हाटातल्या फिरत्या विक्रेत्यापेक्षा विणकर ज्या संस्थेशी बांधलेले आहेत तेथून, किंवा थेट मागावरून घेणे मी पसंत करते. बोलपूरजवळ आमार कुटीरसारख्या जुन्या ग्रामोद्योग संस्थेचे विक्रीकेंद्र आहे, आणि लाभपूरच्या बाजूच्या गावांत माग चालू असलेली घरे आहेत. वाट थोडी वाकडी करावी लागते, पण कापड उलगडून, दोन्ही बाजूंनी पाहून, साड्या कोठून येतात हे विचारून घेता येते.

महाराष्ट्रात जुन्या साड्यांच्या पट्ट्यांच्या सतरंज्या आणि पायपुसणी मिळतात. त्यांची तुलना खेशशी करू नये, कारण त्यांत पट्टी जाड, पिळलेली आणि पायाखाली यावी या हेतूने ठोकून बसवलेली असते. जपानच्या उत्तर भागात साकीओरी या नावाने जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या विणून कामाचे जाड कोट आणि जाकिटे करीत. तेथे कापूस पिकत नसल्यामुळे चिंधीलाही मोल होते. तीही वीण उबेसाठी आणि टिकण्यासाठी होती. नेसता येईल आणि अंगाखाली घेता येईल इतपत मऊ ठेवलेली पट्टीची वीण या दृष्टीने खेश मला अधिक नाजूक हाताचे काम वाटते.

खेशचे पडदे मात्र मी घेणार नाही. ऊन लागणाऱ्या खिडकीत आधीच थकलेले सूत आणखी लवकर जीर्ण होते आणि पट्ट्यांच्या वजनाने पडदा खाली ओढला जातो. उशांचे अभ्रे, दिवाणावरचे आच्छादन, तक्क्याची खोळ यांसाठी हे कापड योग्य आहे, आणि ते मीटरवर मिळत असेल तर शिवलेल्या वस्तूपेक्षा कापडच घ्यावे; खोळ घरी शिवताना कडेला दुहेरी टीप घालता येते आणि उरलेल्या तुकड्यांतील पट्ट्या पुढच्या दुरुस्तीसाठी ठेवता येतात. पुढच्या खेपेला मी दिवाणासाठी गडद लाल ताण्याचे कापड आणणार आहे, लांबीला वीतभर जास्त.